कड्यावरचं डनलूस आणि तापीकाठचं थाळनेर

गेल्या अंकात उत्तर आयर्लंडमधल्या डनलूस किल्ल्याचा पानभर फोटो छापला होता. समुद्रात घुसलेला काळा कडा, त्याच्या अगदी टोकापर्यंत गेलेल्या बिनछपराच्या भिंती, दोन गोल बुरूज आणि जमिनीवरून कड्यावर नेणारा अरुंद पूल. खाली दोन ओळींची माहिती होती. त्यावर धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. धरणांच्या पायाचे खंदक उकरून घेण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुठलाही किल्ला पाहताना माझी नजर आधी खालच्या दगडाकडे जाते, मग पाणी कुठून मुरतं आणि कुठून निघतं याकडे. राजे आणि लढाया त्यानंतर. उत्तरंही त्याच क्रमानं दिली आहेत.

प्रश्न (चोपड्याहून एक ताई): आप्पा, माझा मुलगा आणि सून बेलफास्टला असतात. मागच्या उन्हाळ्यात ते मला डनलूसला घेऊन गेले. तिथला दगड मला अगदी आपल्या विहिरीतून निघतो तसा वाटला. सून म्हणाली, ‘आई, काळा दगड सगळीकडे सारखाच दिसतो.’ मला काही ते पटलं नाही. खरं काय?

उत्तर: ताई, तुमची नजर बरोबर आहे. डनलूस ज्या कड्यावर उभं आहे तो बेसाल्ट, आणि चोपड्याच्या विहिरीत वरची माती-मुरूम संपल्यावर लागतो तोही बेसाल्टच. दोन्ही लाव्हाचे दगड. आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज जे उरलंय तेसुद्धा ५ लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. आयर्लंडचा अँट्रिम भाग (डनलूस याच भागात आहे) सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून फाटून मधे अटलांटिकचा उत्तर भाग उघडू लागला, त्या वेळचा तो लाव्हा. म्हणजे तुमच्या सुनेच्या गावाजवळचा दगड आपल्या दगडापेक्षा थोडा तरुण, पण जात एकच.

‘सगळीकडे सारखाच’ हे मात्र खरं नाही. डनलूसहून पोर्टरशकडे जाताना किनाऱ्याला पांढरेशुभ्र कडे लागतात, ते तुम्ही पाहिले असतील. ती खडूच्या जातीची चुनखडी, समुद्राच्या तळाशी साचलेली. तिच्यावर हा काळा लाव्हा येऊन बसला. काही मैलांत पांढरा कडा संपून काळा सुरू होतो.

पुढे जायंट्स कॉजवे पाहिला असेलच. सुमारे ४०,००० दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत, बरेचसे षटकोनी. युनेस्कोनं १९८६ मध्ये ती जागा जागतिक वारशात घेतली. हे खांब कुणी घडवले नाहीत. चैत्रात आपली काळी जमीन सुकताना आक्रसते आणि तिला बहुकोनी भेगा पडतात, तसाच जाड लाव्हा निवताना आक्रसला आणि वरून खालपर्यंत तडकत गेला. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून डोंगर आहे, तो याच घडणीचा. आपल्या साक्री-नंदुरबारच्या बाजूला माळावरून सरळ रेषेत मैलोन्मैल गेलेल्या दगडी भिंतींसारख्या टेकड्या दिसतात. भेगांत अडकून तिथेच थिजलेला लाव्हा तो. आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि भिंत उरली.

आणखी एक खूण सांगतो, पुढच्या वेळी जाल तेव्हा सुनेला दाखवा. कॉजवेच्या कड्यांत अर्ध्या उंचीवर एक तांबडा पट्टा आडवा जातो. दोन लाव्हांच्या मधे मोठा काळ गेला, खालच्या लाव्हाचा वरचा भाग पावसानं कुजून तांबडी माती झाला, मग तिच्यावर नवा लाव्हा आला. असाच तांबडा थर आपल्या विहिरींत लागतो. खोदणारे त्याला गेरू म्हणतात आणि तो लागला की कडेला आधार द्यायची घाई करतात, कारण भिजला की तो सुटतो. धरणाच्या पायात हा थर निघाला की आमची झोप उडायची. वरचा काळा पाषाण कितीही टणक असो, तो बसलाय कशावर हे आधी बघावं लागतं. डनलूसची सगळी गोष्ट याच वाक्यात आहे, पण ती पुढच्या उत्तरात.

प्रश्न (अमळनेर, महाविद्यालयीन विद्यार्थी): सर, १६३९ साली वादळात डनलूसचं स्वयंपाकघर आचाऱ्यांसकट समुद्रात कोसळलं आणि फक्त कोपऱ्यात बसलेला एक पोरगा वाचला, असं मी वाचलं. हे खरं घडलं का?

उत्तर: गोष्ट फार प्रसिद्ध आहे, आणि ती तिथे सांगतात ती अशी. किल्ल्याचा धनी रँडल मॅकडॉनेल, अँट्रिमचा दुसरा अर्ल (अर्ल म्हणजे तिकडचा सरदारी किताब). त्याची बायको कॅथरिन मॅनर्स. तिचा पहिला नवरा म्हणजे इंग्लंडच्या दरबारातला बलाढ्य सरदार, बकिंगहॅमचा ड्यूक. १६२८ साली त्याचा खून झाला. लंडनच्या थाटात राहिलेली ही बाई या वाऱ्याच्या कड्यावर नांदायला आली. एका वादळी रात्री जेवणाची तयारी चालू असताना स्वयंपाकघराखालचा कडा सुटला, माणसं खाली गेली, आणि कॅथरिन म्हणाली, आता मी इथे राहणार नाही.

यातली माणसं खरी आहेत. पण त्या किल्ल्याचं स्वयंपाकघर आजही जागेवर आहे, पाहायला मिळतं. समुद्रात गेली ती राहत्या वाड्याची उत्तरेकडची भिंत. ती अठराव्या शतकात कधीतरी पडली, कारण त्या शतकातल्या जुन्या चित्रांत ती उभी दिसते. म्हणजे भिंत पडल्याचं खरं, १६३९ ची रात्र लोकांनी नंतर रचलेली. आज वाड्याच्या पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भिंती उभ्या आहेत. चौथ्या बाजूला मोकळं आकाश आणि खाली समुद्र.

मला त्या गोष्टीपेक्षा भिंत का पडली हे जास्त महत्त्वाचं वाटतं. डनलूसच्या कड्याच्या पोटात आरपार गुहा आहे. किल्ला या गुहेच्या डोक्यावर बसलाय. आता बेसाल्ट झिजतो कसा ते बघा. त्याचा एखादा सलग तुकडा घेतला तर पहार लागली तरी ठिणगी उडते. पण कडा सलग नसतोच. त्यात उभ्या-आडव्या भेगा असतात, आम्ही त्यांना सांधे म्हणायचो. लाट येऊन आदळते तेव्हा भेगेत अडकलेली हवा दाबली जाते. लाट मागे गेली की ती सुटते. हे रात्रंदिवस चालतं. खारं पाणी भेगेत वाळतं, मिठाचे खडे वाढतात, सांधा रुंदावतो. वरून पाऊस त्याच सांध्यांतून उतरतो. मग एक दिवस खालचा दगड निसटतो, आणि त्याच्या वरच्याचा आधार गेलेला असतो. समुद्र वरच्या भिंतीला कधी हातही लावत नाही. तो तळाशी काम करतो. भिंत शेवटी पडते ती स्वतःच्याच वजनानं.

आम्ही धरणाच्या पायात असे सांधे सापडले की भोकं पाडून सिमेंटचं पातळ पाणी दाबानं आत भरायचो. पंप सुरू झाला की कधी कधी पन्नास फुटांवरच्या भेगेतून ते बाहेर यायचं, तेव्हा कळायचं की आत वाट कुठून कुठे आहे. ते पाहिल्यापासून ‘भक्कम खडक’ असं मी सहसा म्हणत नाही.

प्रश्न (शिंदखेडा तालुका, एक शेतकरी भाऊ, अहिराणीत): आप्पा, इतला वारा, इतलं पानी, तठे किल्ला कोन बांधस आनि कसाले?

उत्तर: भाऊ, प्रश्न एकदम मुद्द्याचा. आपण समुद्रापासून लांबची माणसं, आपल्याला समुद्र म्हणजे आडकाठी वाटते. किल्ल्याभोवती खंदक असतो तसा तो वाटतो. डनलूसच्या माणसांना समुद्र हा रस्ता होता. आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधलं पाणी सर्वांत चिंचोळ्या जागी २० किलोमीटरच्या आसपास आहे. धुळ्याहून सोनगीर जेवढं, साधारण तेवढंच. हवा स्वच्छ असली की त्या किनाऱ्यावरून स्कॉटलंडची बेटं दिसतात. त्या काळी जमिनीवर जंगल, दलदल आणि शत्रूची गावं. होडीनं माणसं, गुरं, धान्य, भाडोत्री शिपाई सगळं लवकर पोचायचं. आपल्याकडे सुरत-बऱ्हाणपूर मार्गावर ज्याचा ताबा त्याची चलती होती, तिथे या चिंचोळ्या पाण्यावर.

त्या कड्यावर माणूस फार आधीपासून आहे. किल्ल्याखाली एक भुयार आहे, ते दगडी किल्ल्याच्या कितीतरी आधीचं. आज दिसणारे पूर्वेकडचे दोन जाड गोल बुरूज मॅकक्विलन घराण्याचे, सुमारे १५०० सालचे. पुढे सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या बेटांवरून आलेल्या मॅकडॉनेल घराण्यानं त्यांना हटवलं. त्यांच्यातला मोठा माणूस सॉर्ली बॉय मॅकडॉनेल. १५८४ साली राणी एलिझाबेथचा आयर्लंडमधला अधिकारी सर जॉन पेरट यानं तोफा आणून किल्ला घेतला. सॉर्ली बॉयनं थोड्याच काळात तो परत मिळवला. त्याची माणसं कड्यावरून दोरांनी टोपल्यांत बसवून वर ओढली, असं तिथे सांगतात. नंतर त्यानं राणीशी तह केला, आणि त्याचा मुलगा रँडल १६२० मध्ये अँट्रिमचा पहिला अर्ल झाला. वरच्या उत्तरातला रँडल म्हणजे या रँडलचा मुलगा.

जमिनीच्या बाजूनं येणाऱ्यासाठी वाट अरुंद होत होत पुलापर्यंत येते. पुलावर आलं की समोर दरवाजा, त्याच्या कोपऱ्यांवर स्कॉटिश धाटणीचे छोटे बुरूज. पुलाखाली खोल घळ. मोठी फौज असली तरी तिथून चार माणसांनीच पुढे यायचं. याला किल्ल्याच्या भाषेत जागा अचूक निवडली असंच म्हणावं लागेल. तोफा आल्यावर तिचा उपयोग कमी झाला.

प्रश्न (जळगाव): स्पेनच्या बुडालेल्या जहाजाच्या तोफा या किल्ल्यावर बसवल्या होत्या, हे ऐकीव की पुराव्याचं?

उत्तर: पुराव्याचं. १५८८ साली स्पेनच्या राजानं इंग्लंडवर मोठं आरमार पाठवलं, ते मोडलं आणि उरलेली जहाजं स्कॉटलंड-आयर्लंडला वळसा घालून परत निघाली. त्यांतलं ‘जिरोना’ नावाचं जहाज वाटेत फुटलेल्या दोन जहाजांची माणसं घेऊन चाललं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस, रात्री, डनलूसच्या पूर्वेला लकाडा पॉइंट नावाच्या खडकावर ते आपटलं. सुमारे १३०० माणसं बुडाली. वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्यांना मॅकडॉनेलांनी आसरा दिला. जहाजाच्या तोफा किल्ल्याच्या दरवाजावर चढल्या, आणि मिळालेल्या मालातून किल्ल्याची दुरुस्ती झाली.

तळाशी पडलेलं सोनं मात्र जवळजवळ चार शतकं तसंच राहिलं. १९६७ मध्ये रोबेर स्टेनुइ या बेल्जियन पाणबुड्यानं ती जागा शोधली. नकाशातली जुनी नावं वाचून त्यानं ती हेरली होती, कारण त्या खाडीला लोक आजही स्पॅनिश लोकांची खाडी म्हणतात. साखळ्या, अंगठ्या, नाणी आणि माणकं जडवलेला सोन्याचा एक छोटा पंखवाला सरडा, हे सगळं आता बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. चोपड्याच्या ताई, पुढच्या खेपेला तुम्ही ते नक्की पाहा. गावात राहणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एका जागेचं नाव जपलं म्हणून ते जहाज सापडलं, हे मला त्या सोन्याहून मोलाचं वाटतं. आपल्या शिवारांचीही जुनी नावं आता गटनंबरांनी पुसली जात आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती लिहून ठेवा.

प्रश्न (धुळे, निवृत्त शिक्षिका): एवढा जिंकायला अवघड किल्ला ओस कसा पडला? समुद्रामुळेच ना?

उत्तर: बाई, समुद्रानं त्याला पोखरलं. ओस पाडलं ते पोटापाण्यानं. पहिल्या अर्लनं १६०८ च्या सुमारास किल्ल्याच्या दारातच एक गाव वसवलं. स्कॉटलंडहून व्यापारी, कारागीर आणले. गेल्या काही वर्षांत तिथे उत्खनन झालं तेव्हा शेताच्या गवताखाली दगड जडवलेले रस्ते आणि घरांचे पाये निघाले. त्या गावाचं एक मोठं उणं होतं. बंदर नव्हतं. कड्याखाली मोठी जहाजं लागायला जागा नाही. १६४१ च्या आयरिश उठावात गाव जळालं आणि नंतर पुन्हा नीट उभं राहिलं नाही. घराण्याचा पैसा आटत गेला. १६९० साली इंग्लंडच्या गादीसाठी आयर्लंडमध्ये झालेल्या बॉइनच्या लढाईनंतर तर मॅकडॉनेलांची सद्दीच संपली. किल्ल्यात राहणारं कुणी उरलं नाही. मग छपराची लाकडं गेली, शिसं गेलं, घडीव दगड आसपासच्या बांधकामांना गेले.

छप्पर गेलं की भिंतीचं आयुष्य किती झपाट्यानं घटतं, हे बांधकामवाला सांगू शकेल. भिंतीच्या बाहेरचे दोन्ही पदर घडीव दगडाचे, आणि मधे भर असते, गोटे आणि चुना. छप्पर असेपर्यंत ती भर कोरडी. डोकं उघडं पडलं की पाणी मधल्या भरीत उतरतं, चुना धुऊन जातो, भर फुगते आणि बाहेरचा पदर पोट काढतो. पारोळ्याच्या किल्ल्याजवळून जाताना भिंतींचं हे पोट निघालेलं नीट बघा. डनलूसला आता सरकारी देखभाल आहे, भिंतींचे माथे बुजवून पाणी बाहेर पडेल असा उतार दिलेला असतो. दुरून ते कामच दिसत नाही, आणि दिसू नये असंच ते करायचं असतं.

प्रश्न (भुसावळ): आपल्या कोकणात असा कड्यावरचा, खाली गुहा असलेला किल्ला आहे का?

उत्तर: आहे. रत्नागिरीचा रत्नदुर्ग, भगवती मंदिराचा किल्ला. तीन बाजूंनी समुद्र आणि कड्याखाली गुहा. बोटीतून ती नीट दिसते.

प्रश्न (शिरपूर तालुका, थाळनेरजवळचे एक नाना): आमच्या थाळनेरला समुद्र नाही, पण तापी आहे. किल्ला नदीच्या उंच काठावर. नदीच्या अंगाला उभं राहिलं की भीती वाटते. गावातल्या पोरांना घेऊन काही करावं म्हणतो. डनलूसवाले करतात तसं इथे करता येईल?

उत्तर: नाना, तुमच्या पत्रासाठीच मी एवढी जागा राखून ठेवली होती. थाळनेर म्हणजे खान्देशाचं आद्य राजधानीचं गाव. फिरोजशहा तुघलकानं १३७० साली मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली, १३८२ पासून तो स्वतंत्रपणे कारभार करू लागला आणि १३९९ मध्ये वारला. त्याच्या फारुकी घराण्यानं पुढे बऱ्हाणपूर वसवलं, अशीरगडावर बसून राज्य केलं आणि १६०१ साली अकबरानं ते संपवलं. धुळ्याजवळचा लळिंगही त्यांचाच. मलिक राजाची कबर तुमच्या गावात आहे, तिथल्या हजिऱ्यांच्या, म्हणजे थडग्यांच्या, काळ्या दगडावरचं कोरीव काम पाहायला लांबून माणसं यायला हवीत. आणि होळकरांनी खान्देश इंग्रजांना तहात देऊन टाकल्यावरही फेब्रुवारी १८१८ मध्ये तुमच्या किल्ल्यानं दरवाजे उघडले नाहीत. इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेनं आत शिरून शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिली.

आता काठाचं. तुमचं दुखणं डनलूसहून वेगळं आहे, म्हणून औषधही वेगळं. तिथे खाली खडक आहे आणि लाट त्याचे सांधे उकलते. तुमच्याकडे तापीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ आहे, मातीचा उंच कडा. लोक समजतात पूर चढताना काठ तुटतो. जास्त धोका पूर ओसरताना असतो. पुराचं पाणी दोन-तीन दिवस काठाच्या मातीत मुरतं, माती जड होते. नदी झपकन उतरते, पण मातीतलं पाणी तेवढ्या वेगानं उतरत नाही. बाहेरून पाण्याचा टेकू गेला आणि आत ओझं तसंच राहिलं की दरड सुटते. कालव्याचे आणि धरणाचे भराव आम्ही याच भीतीनं सावकाश रिकामे करायचो. म्हणून पुरानंतर लगेच, ऊन पडलं म्हणून, पोरांना काठावर जाऊ देऊ नका. निदान आठवडाभर तरी नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे. सगळ्यांत आधी पायथ्याची माती आणि पुढची वाळू कुणी उपसत असेल तर ते बंद पाडा. वीटभट्टीला गाळाची माती सोन्यासारखी लागते हे मला ठाऊक आहे, पण पायथ्याची एक ट्रॉली गेली की वरचा काठ तेवढा पुढे झुकतो. ग्रामसभेत ठराव करून घ्या, तलाठी आणि तहसीलदारांकडे लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगण्यानं काही होत नाही.

दुसरं, पावसाचं पाणी. पहिल्या दोन मोठ्या पावसांत छत्री घेऊन वर उभे राहा आणि पाणी कुठून वाहतं ते पाहा. किल्ल्याच्या आतलं, आजूबाजूच्या घरांचं, रस्त्याचं पाणी जिथे एकत्र होऊन काठावरून खाली पडतं, तिथे घळ पडत जाते. त्या जागा कागदावर मांडा. पाणी काठापासून आत वळवून एकाच ठरलेल्या, दगडांनी बांधलेल्या वाटेनं नदीत नेता येतं. हे काम अवघड नाही, खर्चही थोडका. पण किल्ल्याच्या हद्दीत एक टोपलं मातीही परवानगीशिवाय हलवू नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, असा कायदा आहे. राज्याच्या स्मारकांसाठी राज्याचं पुरातत्त्व खातं आहे. तुमची पाण्याची नोंद आणि फोटो जोडून अर्ज केलात तर त्यांच्या इंजिनिअरला निम्मं काम झालेलं मिळेल.

तिसरं, झाडं. भिंतीत पिंपळ, उंबर रुजले असतील. बोटाएवढं रोप असेल तर खात्याला विचारून मुळासकट काढता येतं. मनगटाएवढं झालं असेल तर उपटू नका. मूळ दगडांत शिरलेलं असतं, ते ओढलं की भिंत सोबत येते. वरून कापायचं, पुन्हा पुन्हा कापायचं, मूळ आतच वाळू द्यायचं. जाळायचं तर मुळीच नाही, आगीनं चुना मरतो आणि दगड तडकतो. काठाच्या उतारावरचं गवत आणि झुडपं मात्र राहू द्या, ती माती धरून ठेवतात. उत्साहानं ‘स्वच्छता मोहीम’ काढून उतार भुंडा केलेला मी एका ठिकाणी पाहिला आहे, पुढच्याच पावसाळ्यात तिथे घळी पडल्या.

आणि सिमेंट नको. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा लेप दिला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती आतला दगड फोडून बाहेर येते. डनलूससारख्या जुन्या भिंती चुन्यानंच दुरुस्त करतात. चुना मळणारे जुने गवंडी तुमच्या भागात अजून असतील. त्यांना गाठा, पोरांना त्यांच्या हाताखाली चार दिवस बसवा.

पावसाळ्याआधी मी थाळनेरला येईन. तुमच्याकडे मोजपट्टी असेल तर ठेवा, बाकी मी आणतो.

प्रश्न (नंदुरबार, इयत्ता आठवी): डनलूस किल्ला अजून किती वर्षं टिकेल? आणि तो पडतोय हे त्यांना आधी कळतं का?

उत्तर: बेटा, किती वर्षं याचा आकडा कुणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. एका जागी शंभर वर्षांत वीतभर खडक जात नाही आणि दुसऱ्या जागी एका वादळात खोलीएवढा जातो.

आधी कळतं का, याचं उत्तर मात्र हो. भेग वाढतेय का हे मोजता येतं. हल्ली त्यासाठी भारी यंत्रं आहेत, पण आमच्या काळची साधी पद्धत तूही करू शकतोस. काचेची अरुंद पट्टी घे. घरातल्या जुन्या भिंतीला भेग असेल तर तिच्यावर आडवी ठेव आणि पट्टीची दोन्ही टोकं भेगेच्या दोन बाजूंना प्लास्टरनं पक्की चिकटव. मधला भाग मोकळा ठेव. बाजूला पेन्सिलीनं आजची तारीख लिही. भेग हलली नाही तर काच शाबूत राहते. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते, कारण काच ताणली जात नाही. पावसाळ्याआधी एक पट्टी लाव, दिवाळीत बघ, होळीला पुन्हा बघ. काळ्या जमिनीवरच्या घरांत उन्हाळ्यात भेग उघडते आणि पावसात मिटते, तेही तुला यातून दिसेल. काच हाताळताना मोठ्या माणसाला सोबत घे, आणि पट्टी तडकली तर तारखेसह मला कळव.